उंद्रीच्या गजाननची बातमी

"रिअॅक्शन मिळाली का?" मॅथ्यूने फोनवर विचारलं, तेव्हा मी उंद्रीत गजानन पवारच्या अंगणात उभी होते. समोर त्याची बायको सुनीता मेथीच्या जुड्या बांधत होती.

माणूस गेलेल्या घरात कुणी मेथीच्या जुड्या बांधत नाही.

मी मूळची चिखलीची. सोळा वर्षं आखातातल्या एका इंग्रजी पेपरात नोकरी करते आणि तेव्हा सुट्टीवर माहेरी आले होते. मॅथ्यू आमचा डेस्क चीफ. डेस्क म्हणजे बातमी तपासून पानावर लावणारी माणसं. त्या सकाळी तिकडे एका इमारतीच्या बांधकामाची परांची कोसळली. मेलेल्यांच्या यादीत एक नाव होतं : गजानन पवार, उंद्री, जिल्हा बुलढाणा.

"तू तिथेच आहेस," मॅथ्यू म्हणाला होता. "घरच्यांची रिअॅक्शन घे."

"त्यांना कळवलंय का?"

"कंपनी म्हणते, कळवलंय."

म्हणून मी जीप पकडून आले होते.

अंगणाच्या कडेला जाऊन मी हळू आवाजात सांगितलं, "नाव होल्ड कर." म्हणजे बातमी जाऊ द्यायची, नाव थांबवायचं.

"दुसऱ्या पेपरांनी नाव चालवलंय."

"इथे कुणालाच माहीत नाही."

"मग तू सांग."

सोळा वर्षांत मला इतक्या कमी शब्दांत इतकं मोठं काम कुणी दिलं नव्हतं.

आधी खात्री करावी म्हणून मी गजाननच्या वडिलांकडे, नामदेवरावांकडे, त्याच्या पासपोर्टची झेरॉक्स मागितली.

"काऊन लागते?"

"बाहेरदेशी गेलेल्यांवर लिहायचंय." मी खोटं बोलले.

त्यांनी कॅरीबॅगमधून झेरॉक्स काढली. मी तिचा फोटो काढून मॅथ्यूला पाठवला. तेवढ्यात सुनीता म्हणाली, "ताई, त्याइले फोन लावू का? तुमच्याशी बोलतीन."

मी नको म्हणायच्या आत तिने लावला. रिंग वाजत राहिली. कुणी उचलला नाही.

"ड्युटीवर असतीन," ती म्हणाली आणि पुन्हा जुड्या बांधायला लागली.

माझ्या हातातला चहा निवला. पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. मग तिचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. स्क्रीनवर हेल्मेट घातलेला एक घामेजलेला चेहरा.

"काऊन फोन लावला वं?"

"पेपरवाल्या ताई आल्या. तुमच्यावर लिहून राह्यल्या."

"माह्यावर? म्या काय केलं?"

मी फोन घेऊन परांचीचं विचारलं.

त्याने हेल्मेट काढलं. "ते दुसऱ्या साइटवर झालं, ताई. पोरं आमच्याच कंपनीचे. एक माह्याच नावाचा होता, धुळ्याकडचा. आमच्या दोघाइची हजेरी नेहमी उलटीपालटी होये."

कंपनीच्या क्लार्कने गजानन पवार या नावाची हाती लागली ती फाइल काढली होती. कळवलं मात्र कुणालाच नव्हतं.

नामदेवराव ऐकत होते. त्यांनी झेरॉक्सची घडी केली, उलगडली, परत केली.

"ताई, तुम्ही मले ते सांगाले आल्या होत्या?"

"हो."

"मंग सांगितलं काऊन नाही?"

"खात्री नव्हती."

ते सुनीताकडे वळले. "पोरी, ताईइले दुसरा चहा ठेव."

मॅथ्यूला सांगितलं. तो म्हणाला, "ग्रेट! आता धुळ्याचा नंबर मिळव. रिअॅक्शन."

नंबर गजाननने दिला, पण मी लगेच फोन केला नाही. आधी कंपनीला त्या घरी कळवायला लावलं. त्यात अख्खी दुपार गेली. मग फोन केला, तो मृताच्या भावाने घेतला. मी गेलेल्या गजाननचं पूर्ण नाव आणि गाव विचारलं. 'कसं वाटतंय' हे विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी इतर दोन पेपरांनी उंद्रीचा गजानन मारला होता. ती बातमी मोबाइलवर फिरली आणि नातेवाईक जीप करून उंद्रीला रडत आले. नामदेवरावांनी सगळ्यांना जेवू घातलं.

आमच्याकडे नाव बरोबर होतं, प्रतिक्रिया नव्हती. मॅथ्यू म्हणाला, बातमी कोरडी झाली.

झाली होती. पण तिचं शुद्धिपत्र काढावं लागलं नाही.