रूथी नावाचं कुणीच नव्हतं

जीनआजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी अप्पर हटच्या स्टेशनवर वेलिंग्टनच्या गाडीची वाट पाहत होते. गाडी आली, दारं उघडली, मिटली... मी बाकावरच बसून राहिले. त्याला आता सहा आठवडे झाले.

शेजारच्या घरात ती एकटी राहायची. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या एका कोळ्यांच्या गावातून लग्न होऊन इथे न्यूझीलंडला आली, त्याला साठ वर्षं झालेली. आमच्याशी ती इथल्यासारखंच इंग्रजी बोलायची. लहानपणी शाळेत घरची बोली तोंडून निघाली की हातावर पट्टी बसायची, त्यामुळे ती बोली तिने फक्त नवऱ्यासाठी राखून ठेवली होती. मग २०१४ साली माझे वडील, नाना, पुण्याहून सहा महिने राहायला आले. त्यांनी शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलेलं. एका ओल्या, काळवंडलेल्या सकाळी ती कुंपणापाशी म्हणाली, ‘ड्रीख!’ नानांना कळेना. म्हणजे असलीच रडकी हवा, तिने सांगितलं. मग रोज एक शब्द. ‘थोल’ म्हणजे सोसणं, हे ऐकून तर नाना उडालेच. "अहो, कोशात याच्यापुढे ‘लुप्त’ लिहिलंय!"

"लुप्त?" ती हसली. "नवरा गेल्यापासून मी रोज तेच करतेय."

यंदाच्या हिवाळ्यात तिला पक्षाघाताचा झटका आला. साठ वर्षांत अंगवळणी पडलेलं इंग्रजी गेलं, उरली ती बोली, तीही तुकड्यातुकड्यांनी. इस्पितळात माझा हात घट्ट धरून ती एकच म्हणायची, "रूथी... रूथी..." नर्सने विचारलं, रूथी कोण? आम्ही तिची फोनची वही चाळली, इन्व्हरकार्गिलला तिच्या भाचीला विचारलं. रूथी नावाचं कुणीच नव्हतं. मी आपली तिला थोपटत राहिले, "येईल हं रूथी, येईल." तिने मान फिरवली.

दुसऱ्या दिवशी नानांना फोनवर सांगितलं. ते लगेच म्हणाले, "अगं, ‘ड्रूथी’ असेल ते. तहान लागलीय म्हणते ती!"

मी धावत गेले. नर्सने सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. आजीला गिळता येत नव्हतं, घोटभर पाणीही फुफ्फुसात गेलं असतं. सलाईन चालू होतं, पण घशाची कोरड त्याने कुठे जाते? ओला स्पंज ओठांवरून फिरवायचा, एवढंच. मी फिरवला. ती तो ओठांत धरून चोखायला बघायची, आणि मला तो काढून घ्यावा लागायचा... चार दिवस.

"पाणी मिळालं ना गं तिला?" नानांनी नंतर विचारलं.

"हो नाना. पोटभर प्यायली."

घर विकलं जाईपर्यंत भाचीने किल्ली माझ्याकडे ठेवलीय. संध्याकाळी मी कुंड्यांना पाणी घालायला जाते. सिंकपाशी, झटका आला त्या सकाळी धुतलेला तिचा पेला अजून उपडाच आहे. मी त्याला हात लावत नाही. नळाखाली झारी धरते. ती भरते, भरून वाहायला लागते, आणि तरी नळ बंद करायला माझा हात उचलत नाही.