चांदणीची लात

आधी चहा घ्या, आणि कप नीट धरा. हा किस्सा मी ज्याला ज्याला सांगितलाय, त्यानं शेवटी कप खाली ठेवून माझ्याकडे असं काही पाहिलंय की विचारू नका. पण आता तुम्हीच विषय काढलात, की सर, गाडीचं डेंटिंग-पेंटिंग घरीच केलं म्हणे. केलं ना! असला घोळ अख्ख्या शहादा तालुक्यात दुसऱ्या कुणी घातला असेल, तर मी आजपासून गणित शिकवणं सोडतो!

गाडी म्हणजे आबांची, माझ्या वडिलांची, क्रीम रंगाची अ‍ॅम्बॅसेडर. वयानं माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. अजून चालते, पण रंगाला पोपडे, दरवाजांच्या खाली गंज आणि अंगभर खड्डे. आबा केळी आणि कापूस करायचे, तेव्हा त्या गाडीनं काय नाही वाहिलं! खताच्या गोण्या वाहिल्या, भावकीतल्या सगळ्या नवऱ्यामुली वाहिल्या, एकदा तर मागच्या सीटवर म्हशीचं पारडू बसून आलं होतं.

खड्डे पुष्कळ, पण त्यातला एक वेगळा. मागच्या डाव्या मडगार्डवर, अगदी खालच्या अंगाला, अर्ध्या चंद्राच्या आकाराचा. आबांची एक घोडी होती, चांदणी. आबांचा तिच्यावर जीव. मी पाच वर्षांचा असताना तिनं म्हणे चिडून गाडीला लात मारली. आजोबा तापट. त्यांनी त्याच वर्षी सारंगखेड्याच्या यात्रेत घोडी विकायला लावली. घोडी गेली, लात राहिली. मग तो खड्डा आबांनी कुणाला काढू दिला नाही. पाहुणा आला की आधी पाणी, मग चहा, मग खड्डा! आबा आपल्या अहिराणीत म्हणायचे,

"हात लावा, हात लावा! आमनी चांदणीनी लात शे ही."

आणि पाहुणे भक्तिभावानं हात लावायचे हो! माझी सासू तर पहिल्यांदा आली तेव्हा डोक्यावर पदर घेऊन खाली वाकली होती.

तर यंदा मे महिन्यात आबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सुरतला माझ्या बहिणीकडे गेले. महिनाभर तिकडेच राहणार होते. मला शाळेची सुट्टी. आबांना पंचाहत्तरावं लागणार. माझ्या डोक्यात आलं, आबा नवे डोळे घेऊन येतील, तर समोर गाडीही नवी पाहिजे!

माझी बायको सुनंदा म्हणाली, "अहो, तुम्हाला पंखा पुसता येत नाही. मागच्या दिवाळीला पातं वाकवलं होतं."

बायकांना मोठी स्वप्नं कळत नाहीत, असं मी मनात म्हटलं. मनातच म्हटलं.

मी गेलो उस्मानचाचांकडे. आमच्या स्टँडजवळ पन्नास वर्षं त्यांनी गाड्यांचे खड्डे काढले. आता गुडघ्यांमुळे घरी असतात. त्यांनी मला हातोडी दिली, आतून टेकवायला लोखंडी ठोकळा दिला, आणि एक मंत्र दिला.

"सर, आँख झूठ बोलती है, हाथ झूठ नहीं बोलता. आँख बंद करने का और हाथ फिराने का."

आणि खरंच हो! डोळे मिटून पत्र्यावरून तळवा फिरवला की केसाएवढा उंचवटा कळतो. मला तर वेडच लागलं. सकाळी पाचला उठायचं, ऊन चढायच्या आत गाडी घासायची. खड्डा ठोकायचा, पुट्टी भरायची, वाळली की पॉलिश पेपर. आधी ऐंशी नंबर, मग दोनशे वीस, मग पाणी मारून चारशे. माझ्या भुवया पांढऱ्या झाल्या. चहात पुट्टी, वरणात पुट्टी. सुनंदानं गच्चीवर कुरडया घातल्या होत्या, त्यांच्यावरही भुकटी बसली. ती तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. मला ते चौथ्या दिवशी कळलं.

आता तुम्ही म्हणाल, आणि चांदणीची लात? अहो, पहिल्याच दिवशी मी त्या खड्ड्यावर कागद चिकटवून 'येथे हात लावू नये' असं लिहिलं होतं. मी काय मूर्ख आहे? पण पाणी मारून घासताना कागद कधी वाहून गेला कळलंच नाही. मग प्रायमरचा पहिला हात मारला. सगळी गाडी राखाडी! पुढचं कुठलं, मागचं कुठलं, काही समजेना. आणि मी तर डोळे मिटून काम करणारा कारागीर!

एके सकाळी तळव्याला एक खड्डा लागला. चांगला खोल. म्हटलं, अरे, हा कसा सुटला? डिकीत शिरलो, आतून ठोकला. तीन वेळा पुट्टी भरली. दोन दिवस घासला. उस्मानचाचा काठी टेकत बघायला आले, त्यांनी डोळे मिटून तिथून हात फिरवला आणि म्हणाले,

"मख्खन! सर, पूरी गाडी में सबसे बढिया काम ये है."

मी त्या जागेचा फोटो काढून शाळेच्या ग्रुपवर टाकला! मुख्याध्यापकांनी अंगठा दिला!

संध्याकाळी सुनंदा चहा घेऊन अंगणात आली. गाडीभोवती एक चक्कर मारली. मागच्या बाजूला थांबली. मला वाटलं, आता कौतुक होणार. 

"ओ माय! चांदणीनी लात कोठे गई?"

सुनंदा माहेरची अहिराणी फक्त दोनदाच बोलते, भांडताना आणि घाबरल्यावर. ही भांडत नव्हती.

मी खाली बसलो. डोळे उघडे ठेवून बघितलं. मग मिटून हात फिरवला. मख्खन! बेचाळीस वर्षांची घोडी मी दोन दिवसांत घासून टाकली होती. 

आणि तेवढ्यात फोन. सुरतहून आबा.

"भो, मी आठे कंटाळी गऊ. उद्या येस मी. डॉक्टर म्हणस, डोळा एक नंबर व्हई गया. आते माले मुंगीना पायबी दिसतस!"

उद्याच येतात, आणि मुंगीचे पाय दिसतात म्हणे! मग अख्खा खड्डा गायब झालाय, ते दिसणार नाही का?

मी धावत उस्मानचाचांकडे. म्हटलं, चाचा, तसाच खड्डा परत पाडून द्या. ते माझ्याकडे बघतच राहिले.

"सर, पचास साल गड्ढे निकाले. डालना अपने को आताच नहीं."

मग मी स्वतःच तेलाच्या रिकाम्या डब्यावर हातोडीनं सराव केला. पहिला खड्डा गोल आला, दुसरा चौकोनी, तिसऱ्याला डब्याच्या पलीकडचं दिसायला लागलं. लातीचा म्हणून काही नैसर्गिक मोठेपणा असतो, तो हातोडीला येत नाही. आणि तिथेच, मित्रांनो, माझी बुद्धी कामाला लागली. घोडीनं पाडलेला खड्डा कोण पाडू शकेल? घोडी!

आता तुम्ही हसताय, पण त्या दिवशी मला हा विचार इतका शुद्ध, इतका तर्काला धरून वाटला होता! सारंगखेड्याला माझा जुना विद्यार्थी भगवान राहतो. त्याच्याकडे घोड्या आहेत. फोन केला. सकाळी आठला तो पिकअपमध्ये पांढरीशुभ्र घोडी घालून दारात हजर. नाव बिजली.

मी तयारीत होतो. जुन्या अल्बममध्ये आबांचा खड्ड्यावर हात ठेवून काढलेला फोटो होता. त्यावरून माप काढून मी पुठ्ठ्याचा अर्धचंद्र कापला आणि मडगार्डवर खडूनं गिरवून ठेवला. गणिताचा मास्तर आहे, अंदाजे काम नाही! भगवाननं तो खडूचा चंद्र पाहिला, घोडीकडे पाहिलं, परत चंद्राकडे पाहिलं.

"सर, घोडी इतली खाले लात मारस का? तिन्ही लात तर वर काचपर्यंत जास."

"भगवान," मी म्हणालो, "तू नववीतही असंच उत्तर बघून गणितावर शंका घ्यायचास. घोडी उभी कर."

बिजलीला गाडीकडे पाठ करून उभं केलं. मी बाजूनं टाळी वाजवली. काही नाही. जोरात ओरडलो. तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. वर्गात शेवटच्या बाकावरची मुलं बघतात, तसंच. मग मी घरातून स्टीलचं ताट आणलं आणि चमच्यानं बडवायला लागलो.

आणि बिजली नाचायला लागली!

"सर, मी सांगाले भुली गऊ," भगवान म्हणाला. "ही वरातनी घोडी शे. वाजं ऐकं का नाचस ती. लात माहितच नही तिले."

मी थांबलो की ती थांबायची, वाजवलं की चारी पाय थिरकवायची. शेजारपाजारचे गोळा झाले. कुणाचं लग्न, कुणाचं लग्न? एका काकूंनी तर घोडीला कुंकू लावलं आणि नवरदेव कोण म्हणून माझ्याकडे बघितलं. मी घामानं डबडबलेला, हातात ताट. सुनंदानं घोडी चिडावी म्हणून गुळाचा खडा दाखवून मागे घेतला, पण बिजलीनं मान लांब करून तो सरळ हातातूनच काढून घेतला आणि खुशीत एक मागचा पाय उडवला.

मारली! मारली हो लात! पण गाडीला नाही. बाजूला प्रायमरचा उघडा डबा होता. तो हवेत गेला आणि डोक्यापासून पायापर्यंत माझ्यावर आला.

त्याच क्षणी दारात रिक्षा थांबली. काळा चष्मा लावलेले आबा खाली उतरले.

विचार करा, नव्या डोळ्यांनी त्यांनी पहिल्यांदा काय पाहिलं असेल? राखाडी गाडी. राखाडी मुलगा. आणि रिक्षाच्या हॉर्नवर नाचणारी घोडी.

"हाई काय चालू शे रे?"

 आबा गाडीजवळ आले, मागच्या मडगार्डपाशी वाकले आणि तळवा फिरवला. एकदा फिरवला, परत फिरवला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. म्हणालो, "आबा, चुकलो. तुमची चांदणी मी घालवली."

आबा हळूहळू चालत गेले आणि अंगणातल्या गुरांच्या दगडी हौदाच्या कडेवर बसले. बिजलीकडे बघितलं. मग चष्मा काढला.

"चांदणीनी जलमभर कोन्हाले लात मारी नही," ते म्हणाले.

"म्हणजे? मग खड्डा?"

"तू व्हता पाच वरीसना. गाडीमा जाईसन बठना नि हँडब्रेक सोडी टाकं. गाडी चालनी मांगे मांगे, नि धाडकन या हौदवर! तुन्हा आजा चाबूक लिसन उना. इचारस, कोन्ही करं? तू मन्हा मांगे दपेल, थरथर कापी ऱ्हायना. मंग मी सांगं, चांदणीनी करं."

अंगणातल्या सगळ्यांनी हौदाकडे पाहिलं. बिजलीनंसुद्धा.

मी खिशातून तो पुठ्ठ्याचा अर्धचंद्र काढला. हौदाच्या गोल कोपऱ्याला लावला. तंतोतंत! उंचीही तीच. भगवाननं नववीतला हिशेब डोळ्यांनीच चुकता केला.

बेचाळीस वर्षं! हँडब्रेक मी सोडला, आबांच्या मागे लपलो मी, आणि माझ्या पाठीवर पडायचा चाबूक आबांनी त्या घोडीवर घेतला. जिच्यावर जीव, तिला स्वतः सारंगखेड्याला सोडून आले, आणि मला एका शब्दानं कळू दिलं नाही. मला रडू आलं. प्रायमर लावलेल्या माणसानं रडू नये, फार वाईट दिसतं. पण आलं.

आबांनी माझ्या राखाडी डोक्यावर हात ठेवला. मला वाटलं, आता आशीर्वाद.

"रडू नको भो," आबा म्हणाले. "मीच तं निवडं व्हतं. घोडी गई, नि गधडं घरमा ऱ्हायनं."

आता गाडी झकास आहे. क्रीम रंग, मख्खन काम. पण पाहुणे आले की आबा त्यांना गाडीकडे नेत नाहीत. बघण्यासारखं तिच्यात काही राहिलं नाही म्हणतात. आधी पाणी देतात, मग चहा, मग मला हाक मारतात.

"ये रे, जरा उभा ऱ्हाय आठे."

आणि पाहुणे भक्तिभावानं माझ्याकडे बघतात.