मामांचं ‘कळवतो’

वामनमामा गेल्याची बातमी आली तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत ब्युरेट धूत होते. बाबांचा फोन मैत्रिणीच्या मोबाईलवर आला, कारण माझा मोबाईल त्या दिवसांत आमच्या घरी गव्हाच्या कोठीत होता. “वामनभाऊ गेले,” बाबा म्हणाले. मला वाटलं, घरी येऊन आपल्या गावी फुलसावंगीला परत गेले. मामा उमरखेडला आमच्याकडे येत आणि कोणाला न सांगता निघून जात. मी विचारलं, “जेवून गेले ना, बाबा?” त्या प्रश्नाची मला अजून लाज वाटते. पण मामांच्या मुलीला, मंदाताईला, हे सांगितलं तेव्हा ती रडता रडता हसली. “जेवूनच गेले व बाई. दोन भाकरी खाल्ल्या, हात धुतले, अन् बसल्या जागी गेले.”

याला आता सहा आठवडे झाले. मला लिहायची सवय नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे गेलेल्या माणसाविषयी कसं लिहायचं हे कोणाला विचारावं तेही कळलं नाही. जसं आठवतं तसं लिहिते आहे.

मामा शिवणकाम करत, पण पंचक्रोशीत त्यांना ओळखत ते सोयरिकीच्या चौकशीसाठी. कोणाच्या मुलीला स्थळ आलं की मामांना बोलावणं यायचं. मामा एसटीनं मुलाच्या गावी जात. मुलाच्या नातेवाइकांना ते कधीच काही विचारत नसत. “तो तं मुलाकडचाच मानूस,” म्हणत. ते सरळ तिथल्या न्हाव्याकडे जाऊन दाढी करून घेत. साबण लागला की गावातलं सगळं आपोआप कळतं, असा त्यांचा अनुभव होता. लग्नसराईत एका दिवशी तीन गावं व्हायची, म्हणजे तीन दाढ्या. मे महिन्यात मामांच्या गालांना हात लावायची सोय नसे.

आता मोबाईल कोठीत का गेला ते सांगते. माझा बी.एस्सी.चा रसायनशास्त्राचा पेपर राहिला होता. सगळं इंग्रजीत, आणि घरी विचारायला कोणी नाही. म्हणून मी मोबाईलवरच्या एआयला विचारायचे. ते मराठीत समजावून सांगायचं, दहा वेळा विचारलं तरी चिडायचं नाही. पुन्हा पेपर राहिला तर कॉलेज बंद, आणि माझ्यासाठी स्थळ पाहायचं, असं घरात ठरलं होतं. बाबा स्टँडजवळच्या हॉटेलात भजी तळतात. तिथे एकानं वर्तमानपत्रातून मोठ्यानं वाचलं, की एआय बनवणाऱ्या कुठल्याशा बड्या साहेबाचे दोन संसार मोडले आणि तिसऱ्याची तयारी आहे. खरं-खोटं मला माहीत नाही. पण बाबा झारा ठेवून घरी आले. “ज्याचं सोताचं घर ठिकानावर नाही, तो माह्या पोरीले काय शिकवन?” म्हणाले आणि मोबाईल कोठीत टाकला. मी रडले. तेव्हा एवढंच म्हणाले, “वामनभाऊले इचारू. ते म्हनतीन तसं.”

मामा आले, आणि मोबाईल कोठीतून निघाला. मामा चौकशीला बसतात तसे, मांडीवर टोपी ठेवून, ताठ बसले. त्यांना तसं बसलेलं पाहून आईनं न सांगता पोहे केले. मोबाईल समोर स्टुलावर. मामा त्याच्याकडे वाकून अदबीनं म्हणाले, “तुमच्या मालकाचं कसं काय हाय?” मोबाईलनं ‘मालकाचं’ऐवजी ‘मक्याचं’ ऐकलं आणि पेरणीपासून कणसापर्यंत सगळं सांगितलं. मामांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. बोलणाऱ्याला मध्ये तोडू नये म्हणून. मग मी प्रश्न टाईप करून दिला. उत्तर आलं, की कंपनीच्या प्रमुखांबद्दल वेगवेगळी मतं आहेत, काही लोक कौतुक करतात, काही टीका करतात.

“हा मुलाकडचाच हाय,” मामा म्हणाले.

मी धीर करून म्हटलं, “मामा, आमचे सर म्हणतात की माणसाच्या घरात डोकावू नये, त्यानं बनवलेली वस्तू तपासावी.”

“बराबर हाय त्यायचं. गवंड्याच्या घरी रोज भांडन असलं तरी भीत सरळ निघू शकते. दोन बायका, तीन बायका, त्याचं त्यानं निस्तरावं.” मग पोहे खात सहज विचारलं, “तू याच्यासंग काय काय बोलते?”

मला खोटं बोलता आलं नाही. रसायनशास्त्र तर होतंच. पण नापास होण्याची भीती, मला एवढ्यात लग्न करायचं नाही हे, आईशी भांडले ते... जे कोणालाच सांगितलं नव्हतं ते सगळं मी त्याला सांगत होते. मामांचा घास हातात राहिला.

“मंग हा गवंडी नाही, पोरी. हा घरात आलेला मानूस हाय. याच्या मालकाचं एकच पाहा लागते. आयकलेलं पोटात ठेवते का, अन् दिलेल्या जबानीले जागते का. बाकी तो दारू पेते का माळ जपते, मले काही घेनं नाही.”

हे ते का म्हणाले, ते मला ठाऊक होतं. आयुष्यात मामांची एकच चौकशी चुकली, ती मंदाताईची. मुलगा सुपारीसुद्धा खात नव्हता. मामांनी आनंदानं ‘निर्व्यसनी’ असं कळवलं आणि लग्न झालं. पण तो माणूस मंदाताईनं विश्वासानं सांगितलेली प्रत्येक गोष्ट पारावर बसून चार जणांना हसून सांगायचा. वर्षभरात ती माहेरी आली. तेव्हापासून कोणाच्या परिचयपत्रात ‘निर्व्यसनी’ दिसलं की मामा म्हणत, “हे झालं. आता मानूस कसा हाय ते सांगा.”

संध्याकाळच्या गाडीला मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. गाडीच्या पायरीवर मी विचारलं, “मामा, मग होकार की नकार?”

“कळवतो,” मामा म्हणाले, आणि गाडी गेली.

आमच्याकडे सोयरिकीत ‘कळवतो’ म्हणजे नकार. पोहे खाऊन ‘कळवतो’ म्हणणारा पुन्हा कधी दिसत नाही, हे लहान मुलालाही माहीत असतं. मी ते घरी सांगितलं नाही. मामांचं उत्तर येईपर्यंत म्हणून मोबाईल पुन्हा कोठीत गेला आणि पाचव्या दिवशी मामा गेले.

तेरवी झाल्यावर बाबांनी मला विचारलं, “भाऊ जाताना तुह्याजवळ काही बोलले होते का?” पेपरला नऊ दिवस राहिले होते. ‘हो म्हणाले’ एवढंच म्हणायचं होतं. स्टँडवर तिसरं कोणी नव्हतं. माझ्या तोंडात ते शब्द आलेही होते. पण साता समुद्रापलीकडचा माणूस खरं बोलतो का, याची चौकशी मामांनी माझ्यासाठी मांडली होती. तिचा निकाल मीच खोटा सांगायचा, हे काही जमेना.

“कळवतो म्हणाले,” मी सांगितलं आणि खाली पाहत राहिले.

बाबा म्हणाले, “लोकायचं कळवतो म्हंजे नाही. भाऊचं तसं नव्हतं. ते म्हनले तं खरंच कळवत.” मग म्हणाले, “आता कोन कळवन?”

बाबांनी कोठीत दंडापर्यंत हात घातला, मोबाईल काढला आणि बनियनला पुसून माझ्या हातात दिला. “चौकशी अर्धी राह्यली. आता तूच कर. अन् जे निघन ते मले सांगजो. आता सांगितलं तसंच.”

पेपर दिला, निकाल यायचा आहे. चौकशीही चालू आहे. त्या बड्या साहेबांच्या संसाराबद्दल पुष्कळ मिळतं, पण आमचं बोलणं ते पोटात ठेवतात का, हे अजून कोणी नीट सांगत नाही. तोवर मी त्याला फक्त रसायनशास्त्र विचारते. बाकीचं मनातलं रविवारी फुलसावंगीला जाऊन मंदाताईला सांगते. मामांच्या मशीनवर आता ती बसते. मागच्या खेपेला मी तिच्याजवळ खूप रडले, सगळं बोलले. या रविवारी मामी समोर होती म्हणून हळूच विचारलं, “ताई, मी सांगितलं ते कोणाला बोलली नाहीस ना?”

मंदाताईनं पायडलवरचा पाय थांबवला नाही. “कायचं व? तू तं काहीच सांगितलं नाही मले.”