गावदेवीला विचारलेला चुकीचा प्रश्न

खरं सांगायचं तर त्या दिवशी मी गावदेवीकडे भक्तीने गेलो नव्हतो, चिडून गेलो होतो. माझ्या वडिलांनी मला ओळखलं नव्हतं. लांबची फेरी संपवून, ट्रेलर भिवंडीच्या यार्डात लावून, एसटीने मुरबाडजवळच्या आमच्या गावी पोचलो, तर बाबा ओट्यावर बसलेले. माझ्या हातातली बॅग बघून म्हणाले, "कुठलं तुमी? बसा. घरात कोन नाय." मी हसत म्हटलं, "बाबा, मी हाय." तर त्यांनी आणखीच अदबीने मला पाणी हवं का विचारलं. आपल्याच ओट्यावर पाहुणा होऊन मी बसलो आणि मला रडू कोसळलं.

त्यांना विसर पडायला लागल्याचं बायको फोनवर सांगत होती, पण चार वाक्यांपलीकडे बोलायला मला सवड कुठे होती? आमची कंपनी म्हणजे मोठं प्रस्थ. देशभर गाड्या, पगार वेळेवर, पीएफ, मुलीच्या नर्सिंगची फी त्यावरच चाललेली. गावात लोक म्हणायचे, नशीब काढलंस रे बाबा. पण गाडी जरा थांबली की ऑफिसातून फोन, आणि सुट्टी मागितली की सुपरवायझरचं एकच, "लोड लागलाय, नंतर बघू." त्यातच मुरबाडच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याची कामगारांची बस चालवायचं काम चालून आलं. रोज संध्याकाळी घरी. पण पगार निम्मा, आणि नोकरी ठेकेदाराची, म्हणजे आज आहे उद्या नाही. सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. कंपनी सोडावी तर मुलीचं शिक्षण अडणार, न सोडावी तर बाबा असेच, मला परका समजून, एक दिवस जाणार. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "मी काय सांगू? मी सांगितलं नि वाईट झालं तं जन्मभर मलाच ऐकवाल." जगण्यात काही राम उरला नाही असं वाटायला लागलं होतं.

आमच्याकडे काही अडलं की देवीला कौल लावतात. भगत देवीच्या दोन्ही खांद्यांवर पाण्यात भिजवलेली एकेक कळी चिकटवतो. उजवी पडली तर एक उत्तर, डावी पडली तर दुसरं. आमचे भगतकाका म्हणजे नात्यातलेच. त्यांनी कळ्या लावल्या आणि मी विचारलं, "आई, कंपनी सोडू का नको?" सकाळ टळली, ऊन देवळाच्या पायरीवर आलं, पण कळ्या हूं की चूं करेनात. काकांनी पुन्हा भिजवून लावल्या. तरी तेच. शेवटी ते हळूच म्हणाले, "आज आई बोलत नाय रे. उद्या ये."

मग माझा तोल गेला. "उद्या कशाला? बाप ओळखत नाय, कंपनी मला गाडीच्या नंबरावरून बोलावते, आता तू पण फिरव तोंड!" देवळात इतक्या मोठ्याने कुणी बोलत नाही.

एक म्हातारी मोळी उतरवून पायरीवर दम खात बसली होती. सिद्धगडाखालच्या एखाद्या वाडीतली असावी, मी तिला कधी पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "काय इचारलंस रे आईला?" मी तिला चिडूनच सगळं सांगितलं. ती खुदकन हसली. "असं इचारतात व्हय? आमी नाचणी पेरू का नको असं देवाला नाय इचारत. पेरायची तं हायेच. कधी पेरू, तेवढंच इचारतो. करायचं का नाय ते तुझं तू बघ. समदं तिच्यावर ढकलशील, नि उद्या तिलाच शिव्या देशील."

काका म्हणाले, "बरोबर बोलते ती. मीच तुला टोकायला पायजे होतं."

बायको घाबरून जे बोलली होती, तेच म्हातारीने देवीच्या वतीने मला सुनावलं होतं. मनात तर ठरलेलंच होतं, फक्त त्याचा दोष मला माझ्या माथी नको होता. मी उठलो, हात जोडले आणि म्हणालो, "आई, मी सोडतोय. उद्या सोडू, का म्हसा गावच्या जत्रेनंतर?" काकांनी कळ्या पुन्हा लावल्या, उजवी उद्याची, डावी जत्रेनंतरची. त्यांचा हात मागे होतो न होतो तोच उजवी खाली पडली. वाऱ्याने पडली असेल, पाणी कमी लागलं असेल. मी त्यावर कुणाशी वाद घालत नाही. मला तेवढ्यानेही हुंदका आवरेना. म्हातारी म्हणाली, "रडतोस काय, हात लाव जरा." मी मोळी तिच्या डोक्यावर चढवून दिली आणि ती रानाच्या वाटेला लागली. तिचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही.

शरण जाणं म्हणजे आपलं ओझं देवापुढे टाकून मोकळं होणं, असं मी समजत होतो. आता वाटतं, ओझं आपणच उचलायचं असतं, पुढे काय होईल तेवढं तिच्यावर सोडायचं. हे सोपं नाही. मुलीचं शिक्षण यंदा थांबलं आहे. शहापूरला एका दवाखान्यात ती काम करते, पुढल्या वर्षी परत कॉलेजला जाईन म्हणते. मला ती एका शब्दाने बोलत नाही, आणि तेच जास्त लागतं. कितीदा वाटतं, चुकलंच आपलं.

बाबांनी मला अजून ओळखलेलं नाही. डॉक्टर म्हणतात, आता ओळखणारही नाहीत. मी बस लावून येतो, त्यांचे हातपाय धुतो, पेज भरवतो. परवा शेजारच्या काकूंनी माझ्याकडे बोट दाखवून त्यांना विचारलं, "कोन हाय हा, सांगा बघू?" बाबांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाले, "नाव नाय म्हाईत. माझा पोरगा लांब गाड्या चालवतो, तो नाय ह्यो. ह्यो रोज येतो."

मी पेजेची वाटी तशीच धरून मनातल्या मनात गावदेवीला हात जोडले. माझ्याबद्दल ‘रोज’ असं आजवर घरातलं कुणीच म्हणालं नव्हतं.