शाप ज्याला ऐकू गेला

कोडोलीच्या स्टँडवर आप्पांनी माझी बॅग कोल्हापूरच्या गाडीत चढवली आणि खाली उतरून खिडकीशी उभे राहिले. आठ दिवस ते माझ्याशी बोलले नव्हते. ताट वाढायचे, समोर बसून जेवायचे, पण शब्द नाही. कंडक्टरनं बेल दिली तेव्हा खिडकीचा गज धरून म्हणाले, "देवापुढं रडायचं गाणं हाय ते, एस्ते. तू ते चौकात भोंग्यावर लावलंस."

गाडी हलली. ते दोन पावलं बरोबर चालत आले आणि म्हणाले, "पोचलीस की फोन कर."

कोडोली ते कोल्हापूर. तासाभराची एसटी. एवढ्याला कुणी स्थलांतर म्हणतं का? तुमच्यातले जे दुबईला गेले, ज्यांनी पुण्यात हप्त्यावर फ्लॅट घेतले, ते हसतील. हसा. मला सकाळी निघून दुपारी जेवायला घरी जाता येतं आणि तरी सहा वर्षांत मी तिथं एक रात्र राहिलेली नाही.

आमचं गाव कोडोलीच्या पुढं. नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. मोठ्या वस्तीच्या कडेला आमची ख्रिस्ती घरं, चाळीसेक. एक दगडी देऊळ (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो), एक दफनभूमी. मी दहावीत असताना आई गेली. तिला दफनभूमीच्या रस्त्याकडच्या भिंतीलगत जागा मिळाली, कारण आत जागा उरली नव्हती.

ती भिंत पाडली गेली तिथून हे सगळं सुरू झालं.

रस्ता रुंद होणार होता. कुणी एक कंत्राटदार आला, त्यानं दफनभूमीची रस्त्याकडची पट्टी मागितली, आणि शमुवेल मास्तरांनी कागदावर सही केली. मास्तर म्हणजे आमच्या मंडळीचे वडील. निवडून दिलेल्या पंचांना आमच्यात 'वडील' म्हणतात. ते आप्पांचे जिवलग. दोघं एका हार्मोनियमवर भजनं म्हणायचे, एक भाता हलवायचा, एक पट्ट्या दाबायचा. कंत्राटदार मास्तरांना म्हणाला, सही द्या, नवी पक्की भिंत बांधून देतो, गेट बसवतो, वर क्रूस लावतो. मास्तरांनी एक पैसा घेतला नाही. मंडळीला विचारलंही नाही. कुणीतरी साहेब आपल्याला 'सर' म्हणतोय, खुर्ची देतोय, एवढ्यावरच मास्तर विरघळले. भिंत कधीच झाली नाही. पट्टीवर दुकानगाळे झाले आणि गाळ्यांच्या मागच्या मोरीचं पाणी आईच्या कबरीवरून वाहायला लागलं.

मास्तर चुकले होते. हे वाक्य मी आजही खोडणार नाही.

पण माझ्या हातात त्या वेळी जे हत्यार होतं, ते मला मास्तरांनीच दिलेलं. आमच्या शब्बाथ शाळेत, म्हणजे रविवारच्या पोरांच्या वर्गात, बायबलातली स्तोत्रं तेच शिकवायचे. आणि कशी! दुष्ट भुसासारखे उडून जातील, ही ओळ आली की आम्हाला खळ्यावर घेऊन जायचे. "बघा रं. भुसाला कोण मारतंय काय? कोण हाकलतंय काय? वजनच न्हाय म्हणून उडतंय ते." हिरव्यागार झाडासारखा फोफावलेला दुष्ट, आणि नंतर जाऊन बघावं तर झाड नाही, जागाही सापडत नाही, ही ओळ आली की म्हणायचे, "ह्यात कुऱ्हाड कुठं हाय? न्हाय. नुसतं बघणं हाय."

पावसाळ्यात एकदा सोयाबीनच्या बांधावर त्यांनी आम्हाला उकिडवं बसवलं. एका स्तोत्रात छळलेला माणूस देवाला म्हणतो, यांचे दात मोड, हे पाण्यासारखे वाहून जावोत, गोगलगायीसारखे चालता चालता विरघळोत. बांधावर गोगलगाय चालली होती.

"मागं चकाकतंय ते काय हाय?"

"चिकट हाय, मास्तर."

"ती स्वतःच हाय ती. चालंल तेवढी संपतीया. आपण गोगलगायीवर मीठ टाकतो की न्हाय? देव मीठ टाकत न्हाय. दुष्टाची चालच दुष्टाला खाती."

मी विचारलं, "मग देव काय करतो?"

"तुझ्यासारखा बसून बघतोय की. आणि त्याच्यापण पायाला मुंग्या येत असतील."

सगळी पोरं हसली. मी नाही हसले. मला तेव्हाही वाटलं, असला कसला देव. आई वारल्यावर, मोरीचं पाणी बघितल्यावर तर माझी खात्रीच झाली, की मीठ टाकायला कुणीतरी पाहिजे.

मीठ टाकायचं तंत्र मला कोल्हापुरात कॉलेजला मिळालं. तेव्हा पास काढून येऊन-जाऊन शिकत होते. फीवाढीच्या आंदोलनात पत्रकं लिहायला लागले आणि त्यात माझा हात बसला. पत्रकाचा नियम सोपा. एक शत्रू, एक चेहरा, एक मागणी. व्यवस्था, यंत्रणा, धोरण असले शब्द लिहिलेत की लोक पत्रकात भजी बांधून नेतात. कंत्राटदाराचा चेहरा गावात कुणी नीट बघितलेला नव्हता. मास्तरांचा चेहरा सगळ्यांना ठाऊक होता आणि कागदावर सही त्यांचीच होती.

मी लिहिलं. मथळा ठळक: 'दुष्टांचे दात मोडतील!' खाली स्तोत्रातल्या ओळी आणि त्याच्या खाली मास्तरांचं पूर्ण नाव. डीटीपीवाल्यानं स्क्रीनकडं बघून डोकं खाजवलं. "ताई, दात लई मोठ्या टायपात झालं की. डेंटिस्टची जाहिरात वाटतीया." मी त्याला म्हटलं, तुम्ही छापा.

पत्रकं शनिवारी घरोघर गेली. आणि रविवारी? रविवार तरुण संघाचा होता. वर्षातून एकदा उपासना तरुण चालवतात, स्तोत्र निवडतातही तेच. आमच्यात स्तोत्र आळीपाळीनं वाचतात. पुढं उभा असलेला एक ओळ वाचतो, मंडळी दुसरी. पुढं उभी मी होते. आणि मी तेच निवडलं होतं, दातांचं आणि गोगलगायीचं.

मास्तर पहिल्या बाकावर, नेहमीच्या जागी. मला वाटलं होतं ते येणार नाहीत. आलेच तर मान खाली घालून गप्प बसतील, आणि ते गप्प बसणंच कबुली ठरेल. असा माझा सगळा हिशेब होता.

मी पहिली ओळ वाचली. मंडळीनं दुसरी. तिसरी मी. चौथीला लोकांच्या लक्षात यायला लागलं की हे कुणाला वाचून दाखवलं जातंय, आणि आवाज एक एक करून गळायला लागले. बायका पदर तोंडावर घेऊन थांबल्या. आप्पांनी पुस्तक मिटलं. सहाव्या ओळीला मला उत्तर देणारा एकच आवाज उरला. मास्तरांचा. खणखणीत, शाळेतल्यासारखा. मी वाचलं, दात मोड. त्यांनी पुढची ओळ वाचली, हे वाहून जावोत. मी एक, ते एक. श्वास कुठं घ्यायचा हे मला त्यांनीच शिकवलेलं, त्यामुळं आम्ही दोघं एकाच जागी श्वास घेत होतो. शेवटपर्यंत.

उपासना संपल्यावर वडील दारात उभे राहून सगळ्यांशी हात मिळवतात. मास्तरही उभे होते. लोक त्यांना टाळून बाजूनं निघाले. मी टाळलं नाही, मला काय भीती. त्यांनी माझा हात हातात घेतला. "वाचन चांगलं झालं, एस्ते. गोगलगायीला जरा थांबायला पायजे होतंस. घाई केलीस." एवढंच. चष्मा घडी करून खिशात ठेवला आणि घरी गेले. त्या दिवसानंतर ते देवळात आले नाहीत.

पुढच्या सोमवारी मी कोडोली स्टँडवर होते.

कोल्हापुरात मी कॉट बेसिसवर राहते. एका खोलीत चौघी, एक इंडक्शन, एक गीझर, बाथरूमचं टाइमटेबल दारावर. घरकाम करणाऱ्या बायकांच्या संघटनेत काम करते. पत्रकं अजून लिहिते, आता व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड होतात. रविवारी इथल्या मोठ्या चर्चमध्ये मागच्या बाकावर बसते. स्तोत्राच्या ओळी भिंतीवर प्रोजेक्टरनं दाखवतात, सगळे एकदम वाचतात. कुणाचाही आवाज वेगळा काढता येत नाही. मला ते बरं वाटतं.

पहिल्या नाताळला घरी गेले तेव्हा देवळात पहिला बाक बघितला. मास्तरांच्या जागेवर कुणी बसत नव्हतं. दुष्टाची जागा शोधशील तर तो तिथं नसेल, असं स्तोत्र म्हणतं. मी जागा शोधली. माणूस तिथं नव्हता. शब्दाला शब्द खरा ठरला होता, आणि मी उपासना अर्धी टाकून बाहेर जाऊन नळाखाली डोकं धरलं.

कारण बाहेर, रस्त्यापलीकडं, गाळे दिसत होते. मोबाइल शॉपी, पार्लर, चायनीजचा गाडा. सगळे भाड्यानं गेलेले. हिरव्यागार झाडासारखं फोफावलेलं काय असतं ते तिथं बघावं. कंत्राटदारानं माझं पत्रक वाचलं असेल तर तोही ते डेंटिस्टचीच जाहिरात समजला असेल. त्याला स्तोत्र ठाऊक नव्हतं, ठाऊक करून घ्यायची गरजही नव्हती. शाप नुसता दिला म्हणून लागत नाही. तो खरा मानणारा माणूस लागतो. आमच्या आख्ख्या गावात त्या शापाच्या टप्प्यात येणारा एकच माणूस होता, आणि मी नेम धरून त्यालाच घातला.

आप्पा म्हणाले होते ते मला तेव्हा कळायला लागलं. ते स्तोत्र दुष्टाला उद्देशून नाहीच. मार खाल्लेल्या माणसानं दार लावून देवाला सांगितलेलं आहे ते: माझ्याच्यानं होत नाही, दात माझ्या हातानं मोडवत नाहीत, तूच काय ते कर. असं सांगून झाल्यावर तो मोकळ्या हातांनी बाहेर येतो. मी कधी दारच लावलं नव्हतं. आईसाठी मी रडले नव्हते, पत्रक काढलं होतं.

मास्तरांना पत्र लिहायला बसले. चार वेळा लिहिलं. प्रत्येक वेळी वाचून बघितलं तर ते पत्रक झालेलं असायचं. मुद्दा एक, मुद्दा दोन, आणि शेवटी मागणी: मला माफ करा. ज्याला मी भर मंडळीत उभं जाळलं, त्याच्याकडं परत माझीच मागणी. पाठवलं नाही. समोर जाऊन बोलावं म्हटलं तर या महिन्यात मोर्चा, पुढच्या महिन्यात शिबिर. घाबरले होते, दुसरं काही नाही.

दुसऱ्या पावसाळ्यात आप्पांचा फोन आला. "शमू गेला."

दफनभूमीची पुढची वाट गाळ्यांनी अडलेली. पेटी मागच्या बाजूनं, उसाच्या बांधावरून न्यावी लागली. एका वेळी एकच पाऊल मावेल एवढा बांध, चिखल, आणि चौघं खांदेकरी तिरके तिरके चाललेले. एक आप्पा. एकदा पेटी कलली तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "सांभाळा की!" आणि आप्पा तसेच खांदा देऊन मोठ्यानं रडले. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं, आई गेली तेव्हासुद्धा.

चौथ्या दिवशी मी मास्तरीण काकूंकडं गेले. लहानपणापासून त्या घरात माझं स्वागत शिव्यांनीच व्हायचं. "एस्ते, म्हशी, चप्पल भाईर काढ की! आत्ता पुसलंय न्हवं!" आमच्याकडं जीव लावतात तो असाच, आरडून. त्या दिवशी शिव्या खायच्या तयारीनंच गेले होते. खऱ्या शिव्या. त्या दिल्या असत्या तर मी पाया पडले असते.

काकूंनी खुर्ची पुढं केली. "या. बसा." कपाटातली फुलांची कपबशी काढली, धुतली, पुसली. आणि विचारलं, "साखर किती घालू तुमच्या चहात?"

माझी साखर त्यांना मी पाच वर्षांची असल्यापासून ठाऊक होती.

मी म्हटलं, "काकू, मला शिव्या द्या."

त्या चहा गाळत होत्या. वर बघितलं नाही. "पावण्यांस्नी कोण शिव्या देतंय व्हय?"

तुम्ही जे गावात राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे गेलात, दोघांनाही सांगते. गावाकडच्या आठवणी म्हणून लोक पांढरा रस्सा, नदीचा घाट, शाळेची घंटा लिहितात. मला त्यातलं काही नको. घर म्हणजे मला आता फक्त एवढंच कळतं, की जिथं कुणालातरी तुमच्यावर ओरडायचा हक्क वाटतो. आप्पांनी तो हक्क सोडला नाही, म्हणून मला अजून बाप आहे. काकूंनी सोडून दिला.

महिन्यातून एकदा मी त्यांच्याकडं जाते. उंबऱ्यात चप्पल काढत नाही. मुद्दाम. चिखलाच्या चपलांनी स्वच्छ फरशीवरून चालत खुर्चीपर्यंत जाते आणि त्यांच्याकडं बघत उभी राहते. काकू फरशीकडं बघतात. मग म्हणतात, "बसा."

मी निघून गेल्यावर त्या गुडघ्यावर बसून एक एक पाऊल पुसून घेतात, असं आप्पा सांगतात.