सरळ मागे ओढायची रायफल

बंदुकीबद्दल मी काही लिहावं, हे माझं मलाच थोडं आगाऊपणाचं वाटतं. मी आजवर एकही गोळी झाडलेली नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिला, त्यामुळे लिहिण्याची सवयही कुणाकडून आलेली नाही. चुकलं तर जाणकारांनी माफ करावं. पण एक हिवाळाभर मी एका रायफलीचा जितका विचार केला, तितका माझ्या कुठल्याच अभ्यासाचा केला नाही. म्हणून लिहितो.

आमचं गाव परभणी जिल्ह्यात, चुडावा स्टेशनाहून आत, आडबाजूला आहे. ओढ्याकाठी आमचं वावर, ओढ्यात वेड्या बाभळींची दाटी आणि त्या दाटीत रानडुकरं. कळप हरभऱ्यात उतरला की सकाळी रान नांगरल्यासारखं दिसतं. फटाके लावून पाहिले, पण डुकरं त्याला चार दिवसांत सरावली. बंदुकीच्या बाराला मात्र ती दबून असत. शेताच्या राखणीसाठी आजोबांच्या नावावर एकनळी बंदुकीचं लायसन होतं, ते पुढे माझ्या वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या नावावर झालं. पीक उभं असलं की आप्पा रानातच माचाणावर झोपत. मला त्यांनी तिकडे कधी मुक्कामाला नेलं नाही. "तू अभ्यास कर," एवढंच म्हणत. आम्ही लिंगायत. रानातून आले की बंदूक कोठीत कुलपात ठेवायची, अंघोळ करायची, मगच गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजेला बसायचं, हा त्यांचा नेम मी लहानपणापासून पाहिलेला.

इतक्या वर्षांत त्या बंदुकीनं एकही डुक्कर पडलं नाही. गावात याची मोठी करमणूक होती. चहाच्या हॉटेलात आप्पा दिसले की कुणीतरी म्हणायचंच, "काय आप्पा, राती बार ऐकला. हुकला का पुन्यांदा?"

"अंधार व्हता," आप्पा म्हणायचे.

"आरं, डुकराला कळालंय, आप्पाच्या नळीम्होरं उभं ऱ्हायचं. साऱ्या शिवारात तेवढीच जागा लय सेफ हाय!"

सगळे हसत. आप्पाही हसत. मला मात्र मान वर करवत नसे. आपल्या बापाला नेम धरता येत नाही, याची मला लाज वाटायची.

मागच्या पावसाळ्यात माचाणाच्या शिडीवरून पाय घसरून आप्पांचं उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण हात वळेनासा झाला. विहिरीची दोरी ओढता येई, कुलपात किल्ली फिरवता येत नसे. एकनळी बंदूक प्रत्येक बारानंतर मधल्या बिजागरीवर दुमडून उघडावी लागते, नवं काडतूस घालून पुन्हा मिटवावी लागते, आणि दोन्ही वेळा मनगटाला पीळ बसतो. ते त्यांना जमेना. मग संध्याकाळी जाताना माय एक काडतूस भरून देई. ते उडालं की राहिलेली रात्र हातात बंदूक म्हणजे नुसती काठी. माचाणाखाली कळप आणि वर आप्पा एकटे, हे चित्र परभणीत कॉलेजसाठी घेतलेल्या खोलीवर माझा पिच्छा सोडत नव्हतं.

माझा खोलीतला जोडीदार शिक्षण सोडून पुण्याला कामाला गेला होता. त्याच्या रिकाम्या खाटेकडे बघत मी मोबाइलवर बंदुकांची माहिती वाचू लागलो. तिथेच मला ही रायफल सापडली. साध्या रायफलीत प्रत्येक गोळीनंतर बाजूची दांडी वर उचलायची, मागे ओढायची, पुढे ढकलायची आणि पुन्हा खाली वळवायची. हिची दांडी फक्त सरळ मागे ओढायची आणि सरळ पुढे ढकलायची. मनगट वळवायचं कामच नाही. परदेशातले जाड कोटातले शिकारी ती बर्फात उभं राहून चालवताना दिसत. आपल्याकडे शिकारीला बंदी आहे, पण राखणीला ती का चालू नये, असं मला वाटलं.

मी ती सगळ्या बाजूंनी तपासली. वजन किती, चिखल गेला तर दांडी अडकते का, खटका चुकून ओढला जाईल का. इंग्रजी वाचताना अडखळायचो, शब्द लागत नव्हते, तरी वाचायचो. खोलीच्या दाराची कडी आधी वळवून आणि मग न वळवता ओढून बघायचो. शेजारच्या खोलीतला एक जण दारातच थांबला. "काय करायलास बे? दारानं काय गुन्हा केलाय?" मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली.

मी आप्पांना फोनवर सांगू लागलो, हे यातलं सगळ्यात मोठं. एरवी आमचा फोन म्हणजे "जेवलास का?" "जेवलो. तुमी?" "हौ." आणि फोन ठेवायचा. आता ते विचारत, "मागं वढली की रिकामं काडतूस आपसूक बाहीर पडतंय का?" मी सांगे. "आन् थंडीनं बोटं आखडली तर?" मी म्हणे, वाचून सांगतो. दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन येई. रायफल घेतली जाईल की नाही यापेक्षा हे बोलणं चालू राहील की नाही, याची मला जास्त काळजी होती. तेव्हा ते मला नीट कळत नव्हतं.

परभणीतल्या बंदुकीच्या दुकानदारानं तशी एक रायफल, आपल्याकडेच बनलेली, मागवून ठेवल्याचं कळलं. आप्पा सकाळच्या गाडीनं आले. धुतलेलं धोतर, डोक्याला पांढरा रुमाल, लायसन प्लास्टिकच्या पिशवीत. दुकानदार म्हातारे होते, बोलायला मोकळे. त्यांनी लायसन उलटसुलट बघितलं, म्हणाले, "घ्यायची झाली तर यावर नवी नोंद करून आणावी लागंल. पण आदी हातात तर घ्या," आणि कपाट उघडून रायफल रिकामी असल्याची खात्री करून आप्पांच्या हातात दिली.

आप्पांनी ती मांडीवर घेतली. उजव्या हातानं दांडी धरली, ओढली, सोडली. खट्‌, खट्‌. पुन्हा ओढली. मनगट जसंच्या तसं, कोपर तेवढं मागेपुढे. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी प्लास्टर काढल्यापासून बघितलं नव्हतं.

"बगा, म्या म्हणलं व्हतं की न्हाई?" मी म्हणालो. "आन् हिचा नेम हुकत न्हाई, आप्पा. लय लांबून बी."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं नाही. दुकानदाराला विचारलं, "हिचा आवाज किती व्हतोय?"

"आवाज? आवाज काय, कान फुटंल इतका. पर आवाजाचं काय करता? गोळीचं इचारा ना."

"आन् वर मारली तर?"

"वर?" दुकानदार हसायला लागले. "वर कामून मारता, आप्पा? वर काय डुकरं उडायलेत?" मग आप्पा हसत नाहीत हे बघून ते थांबले. "बगा, तुमच्या एकनळीचे छर्रे असत्यात, ते जवळच गळून पडत्यात. ही रायफल हाय. हिची गोळी वर गेली तर कुठल्या गावात, कुणाच्या अंगणात यील, सांगता यायचं न्हाई. हिला निशाना लागतोय. जे मारायचंय त्यालाच मारायचं."

आप्पांनी दांडी हळूच पुढे सारली आणि रायफल टेबलावर ठेवली. मी त्यांच्या हाताकडे बघत राहिलो. मला तेव्हा कळलं. अंधार नव्हता, नेमही चुकत नव्हता. आप्पांनी इतकी वर्षं नळी आभाळाकडेच धरली होती.

विक्री हुकली तरी दुकानदाराला आप्पांचा राग आला नसावा. चहा मागवून ते म्हणाले, "मग जुनीच वापरा की. जोडीला कुणी न्या, काडतूस भरून द्यायला."

"जोडीला कोण?" आप्पा म्हणाले. "ह्याच्या मायला रानात कुठं नेऊ? पोरगं शिकायलंय."

मी चहाच्या कपात बघत बसलो.

स्टेशनवर परतीच्या गाडीला वेळ होता. बाकावर बसल्यावर मी विचारलं, "आप्पा, एक बी न्हाई मारलं? कवाच?"

"पोटासाठी येतेत ती. भ्याली की जातेत. आपलं काम झालं."

"मग गावाला सांगायचं ना. लोक किती बोलत्यात."

"सांगितल्यावर काय व्हतंय? आता हासतेत, मग आनखी हासतील." मग म्हणाले, "तू लय वाचलास रे. माजं मनगट ध्यानात ठिवून वाचलास." आणि माझ्या गुडघ्यावर तोच हात ठेवला. गाडी आली, तशी दुसऱ्या हातानं दांडा धरून ते चढले. खिडकीतून काही बोलले, पण फलाटावरच्या घोषणेत मला ऐकू आलं नाही.

त्यानंतर फोन पुन्हा पहिल्यासारखे झाले. जेवलास का, जेवलो, हौ. विचारायला काही उरलंच नव्हतं. एकदा मी नुसत्या आवाजासाठी पाइपाची कार्बाइडवर वाजणारी तोफ करतात त्याबद्दल सांगितलं. "बगू," म्हणाले. पुढच्या फोनला मी पुन्हा विषय काढला, तेव्हा म्हणाले, ओढ्याकडचं वावर उभ्या हरभऱ्यासकट बटईनं, पिकाच्या वाट्यावर दिलंय, गावातल्याच एकाला, आता राखण त्याची. "बरं झालं, आप्पा. घरी झोपाल," मी म्हणालो. मग मीच अभ्यास आहे सांगून फोन ठेवला. खरं तर त्या दिवशी काही अभ्यास नव्हता. खोलीत बसून मी दाराच्या कडीकडे बघत होतो.

मग बरेच दिवस घरून फोन आला नाही. मी केला की माय म्हणे, आप्पा बाहेर गेलेत. परवा दुपारी तास सुटल्यावर तिचाच फोन आला. मी व्हरांड्यात कठड्याशी गेलो. ती हळू बोलत होती, जवळ कुणी ऐकू नये तशी.

"बटईवाल्यानं फारेस्टची परवानगी काढून कुठला बंदूकवाला आनला व्हता," ती म्हणाली. "आपल्या हरभऱ्यात डुकरीन पडली. एकाच गोळीत, म्हनं. सारं गाव बगून आलं. आप्पा तेवढे घरात बसून हायेत."