भोंग्याचा घसा बसला

बाईंना आपल्या वर्गाचा आवाज फार आवडायचा. तिसरीचा वर्ग शाळेच्या टोकाला, पत्र्याखाली. पण तिथलं वाचन सुरू झालं की समोरचा शिंपी मशीन थांबवून ऐकत बसे. सगळा वर्ग एका सुरात धडा वाचायचा, एका सुरात पाढे म्हणायचा. उभ्या पिकावरून वारा जावा तसा तो आवाज बाकांवरून जाई आणि बाई डोळे मिटून उभ्या राहत. इतकी वर्षं खडूची धूळ खाल्ली, तिचं चीज झालं असं त्यांना वाटे.

या आवाजाच्या सगळ्यात पुढं एक पोरगी असे. गवंड्याची थोरली. गळा असा की मुलांनी तिचं नाव भोंगा ठेवलं होतं, आणि ती त्या नावाला ताठ मानेनं ओ देई.

एके सकाळी भोंग्याचा घसा बसला. बाईंनी नेहमीसारखं सांगितलं, "हं, करा सुरू." पहिलं वाक्य कसंबसं निघालं. दुसरं अर्ध्यावर विझलं. पोरं एकमेकांची तोंडं बघू लागली.

"काय रे, दातखीळ बसली का सगळ्यांची?"

मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "बाई, आज भोंगा बंद आहे."

वर्ग हसला. बाईही हसल्या. मग त्यांनी त्यालाच उभं केलं आणि पुस्तकातल्या एका शब्दावर बोट ठेवलं. त्यानं पत्र्याकडं पाहिलं आणि धडा पहिल्यापासून म्हणायला घेतला. बोटाखालचा शब्द त्याच्या तोंडून येऊन गेला, तरी त्याला कळलं नाही. तो आपला पुढं निघून गेला. मग एका मुलीला उठवलं. तिचंही तेच. भोंगा जिथं दम घ्यायची तिथंच, वाक्याच्या ऐन मध्यात, तीही दम घेत होती.

शेवटी बाई भोंग्यापाशी आल्या. ती बसक्या आवाजात म्हणाली, "मला सगळं येतं बाई. फक्त ते कुठं लिहिलंय ते माहीत नाही."

बाईंनी गणित पाहिलं. पाढे घडाघडा म्हणणाऱ्या पोरीसमोर त्यांनी खड्यांचे सारखे ढीग मांडले आणि विचारलं, एकूण किती? ती एकेक खडा बोटानं सरकवत बसली. "अगं, पाढा म्हण ना." तर ती म्हणे, "यात पाढा कुठाय बाई? हे तर खडे आहेत." लिहिणंही तसंच. फळ्यावरची अक्षरं ती चित्रासारखी उतरवायची, कधी खालून वर.

तपासणी महिन्यावर आली होती. तपासणीस तिसरीच्या प्रत्येक मुलाकडून एक पान, घड्याळ लावून ठरल्या वेळात, एकट्यानं वाचून घेणार, आणि ज्याला जमणार नाही त्याला परत पहिलीत बसवणार. गवंड्यानं तर शाळेच्या दारात सांगून ठेवलं होतं, "बारक्या पोरांत बसवणार असाल तर मी हिला आत्याकडं शहरात धाडतो. तिचं बाळ तरी सांभाळेल."

बाईंनी सुरात वाचणं बंद केलं. पुठ्ठ्याला एक खाच कापली. ती ओळीवर ठेवली की एकच शब्द दिसे. त्या धडा शेवटापासून वर वाचून घेऊ लागल्या, म्हणजे पाठांतराचा आधार राहू नये. पोरं रडकुंडीला आली. मुख्याध्यापक खिडकीतून डोकावून म्हणाले, "बाई, वर्ग आजारी आहे का? आवाज नाही तो."

"बरा होतोय, सर," बाई म्हणाल्या. पण होत नव्हता. बाकीची पोरं खाचेकडं बघत आणि अंदाजानं काहीतरी ठोकून देत. एकटी भोंगा दात-ओठ खात अक्षराला अक्षर जोडत होती. एखादा शब्द उलगडला की आपणच चकित होऊन हसायची. बाईंनी तिला बजावलं, "तपासणीत पाठ म्हणायचं नाही. दिसेल तेच वाचायचं."

तपासणीस आले. मनगटावरचं घड्याळ सोडून त्यांनी टेबलावर ठेवलं आणि जुनाच धडा उघडला. एकेक पोर आलं, पत्र्याकडं बघून धडाधड म्हणून गेलं. "छान," तपासणीस म्हणत.

भोंगा आली. तिनं पानावर अंगठा टेकवला. तो सरकत गेला, अडला, मागं आला, पुन्हा सरकला. काही ओळी झाल्या आणि वेळ संपली.

"साहेब, ती खरंच वाचतेय," बाई म्हणाल्या.

"मग बाकीच्यांनी काय केलं?"

बाईंनी तोंड उघडलं. पुठ्ठा टेबलावरच होता. तो कोणत्याही पोरासमोर ठेवला असता, तर सगळं उघडं पडलं असतं. आणि मग सगळा वर्गच पहिलीत. बाईंनी तोंड मिटलं.

"नियम आहे, बाई," तपासणीस हळूच म्हणाले.

संध्याकाळी गवंडी कामावरून तसाच आला, हातांवर सिमेंट वाळलेलं.

"वाचता आलं नाही का हिला?"

"आलं. हळू वाचलं."

"हळू तर हळू. मागं काय आग लागली होती?" त्यानं हातावरचं सिमेंट नखानं खरवडलं. "पण पहिलीतच ना?"

"एक वर्ष द्या मला. मी हात जोडते."

"बाई, बहिणीला शब्द देऊन बसलोय. ती उद्या न्यायला येतेय."

भोंगा दप्तर काखोटीला मारून उभी होती. घसा कधीच सुटला होता, तरी ती हळू बोलली.

"बाई, मी पाठ म्हटलं असतं तर पास झाले असते ना?"

बाईंनी गवंड्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

"हो," त्या म्हणाल्या.

पोरीनं मान हलवली आणि बापाच्या मागं चालू लागली.